जाऊबाईच डाएट कोच असल्या तर?

डाएटसाठी नेमकं कुणाकडं जावं, खरा आहारतज्ज्ञ ओळखावा कसा, हा प्रश्न माझ्याकडं आडवाटेनंच येतो. मी समुपदेशक, आहार सांगणं माझं काम नाही. पण लातुरात बसून घराघरातली भांडणं ऐकते आणि आजकाल भांडण उकरत गेलं की खाली पावडरचा डबा निघतो. त्यातलीच एक केस सांगते, दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवरा एसटीत कंडक्टर, शुगर जुनी, गोळी चालू. बायको आली ती पैशाची तक्रार घेऊन, चुलत जाऊबाईंकडून घेतलेल्या प्रोटीन शेकच्या डब्यांवर दर महिन्याला पगाराचा मोठा तुकडा जायला लागला म्हणून. बोलता बोलता खरं बाहेर आलं. "पैशाचं जाऊ द्या मॅडम, पण माणूस चालत्या गाडीत घामाघूम होऊन खाली बसला, हातपाय थरथरायलेत, आन् जाऊबाई म्हणायल्यात घाबरू नका, बॉडी डिटॉक्स व्हायलीय!"

डिटॉक्स कसलं, शुगर उतरली होती. ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेतली की तुम्ही जेवा नाहीतर नका जेवू, ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावतेच. इकडं गोळी तशीच चालू आणि तिकडं रात्रीच्या दोन भाकरी बंद करून ग्लासभर शेक, त्यात एसटीची ड्युटी, जेवणाचा टाइम कधीच पक्का नाही, मग शुगर ७० च्या खाली जाणार नाहीतर काय होणार? नशीब, ड्रायव्हरला हा प्रकार माहीत होता, त्यानं गाडी बाजूला घेऊन चहात साखर ढवळून पाजली.

आता गंमत बघा, चुलत जाऊबाईंनी गोळ्या कोणत्या चालू आहेत हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि ह्या दोघांनी त्यांना तुम्ही शिकलात काय हे विचारलं नव्हतं. घरच्या बाईला डिग्री कशी विचारायची! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. जाऊबाई वाईट नाहीत हो, त्यांनी स्वतः आधी पैसे भरून माल उचललेला, कंपनीच्या चार मीटिंगा करून छातीवर 'वेलनेस कोच'चा बिल्ला लावलेला, आता खपवायचा कुणाला तर नात्यात. पण ज्याला आपण तोंडावर नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडून आहाराचा सल्ला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घ्यावा कुणाकडून? आहारशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी किंवा पीजी डिप्लोमा केलेला माणूस लागतो. हे शिक्षण फक्त पुण्या-मुंबईत मिळतं असं नाही, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात होम सायन्सचं कॉलेज कित्येक वर्षांपासून आहे (आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात), तिथं अन्न आणि पोषण शिकवतात. त्याच्या पुढं 'आरडी', म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन. त्यासाठी हॉस्पिटलमधली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा पास व्हावी लागते. नुसतं त्या असोसिएशनचं मेंबर असणं म्हणजे आरडी नव्हे, बोर्ड वाचताना एवढं बघा. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात डायटिशियन आणि न्युट्रिशनिस्ट दोघंही आरोग्य व्यावसायिक म्हणून आलेत, पण कायदा आला म्हणून गल्लीतले फ्लेक्स उतरले नाहीत, तेव्हा डिग्री कुठली, नंबर काय हे आपणच विचारायचं. ज्याला ते विचारल्याचा राग येतो तिथून उठायचं. जो सांगतो तोच विकतो, तिथं तर बसायचंच नाही. आणि पावडरीचंच म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी १७ आहारसूत्रं काढलीत, त्यात अंग कमवायला प्रोटीन सप्लिमेंट घेऊ नका असं सरळ लिहिलंय.

ह्या दोघांना त्यांच्या डॉक्टरांनी एका डायटिशियनकडं पाठवलं. पहिल्या भेटीत तिनं चार्ट दिलाच नाही म्हणून नवरा जरा नाराजच होता, पैसे भरून नुसते प्रश्नच विचारले म्हणे. गोळी किती वाजता, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट कुठंय, मुक्कामी गाडी आठवड्यातून किती वेळा, डब्यात काय असतं, घरात तेल कोणतं, महिन्याला किती लागतं. मला विचाराल तर फी त्या प्रश्नांचीच होती. किडनी कशी आहे हे न बघता शुगरवाल्याला डबाभर प्रोटीन पाजणारा आणि आधी रिपोर्ट मागणारा, फरक इथंच कळतो.

भाकरी बंद झाली नाही. ज्वारीचीच राहिली, मोजून, सोबत घट्ट वरण आणि पालेभाजी जास्त, येसर आमटीवरचा तेलाचा तवंग कमी. ड्युटीच्या बॅगेत फुटाणे, जेवणाला उशीर झाला तर खायला, आणि वेगळ्या पुडीत साखर, थरथर सुटली तर लगेच तीन चमचे. गोळीचं तिनं स्वतः काही ठरवलं नाही, डॉक्टरांना चिठ्ठी लिहून विचारलं, हेही मला आवडलं.

राहिला प्रश्न जाऊबाईंचा. बायको म्हणाली, सांगू कसं? तर भांडायचं नाही, तुमचं प्रॉडक्ट खराब आहे असंही म्हणायचं नाही, "डॉक्टरांनी बंद केलंय, आता डब्बा घेणार नाही" एवढंच, आणि तेही नवऱ्यानं सांगायचं, कारण घरात सगळा वाईटपणा सुनेच्याच पदरात पडतो. त्यानं सांगितलं. जाऊबाई रुसल्या, अजून नीट बोलत नाहीत. हरकत नाही.

गावाकडं कुणी नाही, मग काय करावं, असंही विचारतात. जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहेत का ते केसपेपर काढताना विचारा, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. फोनवर सल्ला घ्यायलाही माझी ना नाही, फक्त आधी रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठवा. ते न बघताच तयार चार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर दुसरा नंबर शोधा.