गुलाबी गोळी घेऊ का, ताई?

(पत्र थोडक्यात: वय 37, न्यू जर्सीत राहते, दोन मुलं, फुलटाइम नोकरी. वर्षभर झालं, जवळीक नकोशीच वाटते, आधी असं नव्हतं. नवरा चिडचिड करतो, "तुझ्यात काहीतरी बिघडलंय, दाखव कुणाला तरी" म्हणतो. ऑनलाइन डॉक्टरने ॲडी, म्हणजे बायकांची इच्छा वाढवायची ती गुलाबी गोळी, लिहून दिलीय. अँक्झायटीसाठी दीड वर्षापासून एस्सिटालोप्रॅम चालू आहे. घेऊ का?)

अगं, लगेच नको घेऊस. गोळी वाईट आहे म्हणून नाही, तर पत्राच्या शेवटी तू जे जाता जाता लिहिलंयस ना, एस्सिटालोप्रॅमचं, तिथेच माझं डोकं अडकलं. या जातीच्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं हा अगदी कॉमन साइड इफेक्ट आहे, आणि तुझ्या तारखा बघ की, गोळी आधी सुरू झाली आणि मग हे सगळं. ऑनलाइनवाल्याने विचारलं तरी का तुला हे? ज्यांनी ती गोळी दिली त्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. फक्त स्वतःच्या मनाने बंद करू नकोस हं, एकदम सोडली की चक्कर, बेचैनी, सगळं उलटून येतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोनही तपासून घे एकदा.

आता ॲडीबद्दल, म्हणजे फ्लिबान्सेरिन. लोक तिला बायकांची व्हायग्रा म्हणतात पण तसं काही नाहीये, व्हायग्रा रक्तप्रवाहावर काम करते आणि ही मेंदूतल्या सेरोटोनिनवर, मुळात डिप्रेशनसाठी बनवायला घेतली होती. एफडीएने, म्हणजे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, दोनदा नाकारली, मग 2015 मध्ये पाळी चालू असलेल्या बायकांसाठी मंजूर केली. रोज रात्री झोपताना 100 मिलिग्रॅम, मूड असो नसो. आणि फायदा किती, तर ट्रायल्समध्ये खोट्या गोळीपेक्षा महिन्याला साधारण अर्धा ते एक जास्तीचा समाधानकारक प्रसंग. काहीजणींना तेवढंही खूप वाटतं, मी हसणार नाही त्यावर, पण नवऱ्याला वाटत असेल की बटण दाबलं की दिवा लागेल, तर त्याला हा आकडा आधी सांग. आठ आठवड्यांत फरक नाही पडला तर बंदच करायची असते.

घेतलीस तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. शनिवारी वाइन होते लिहिलंयस, एक-दोन ग्लास झाले तर निदान दोन तास थांबून मग गोळी, तीन झाले तर त्या रात्री गोळीच नको, कारण बीपी एकदम पडून बाई बेशुद्ध होऊ शकते. दुसरं म्हणजे यीस्ट इन्फेक्शनला सर्रास देतात ती फ्लुकोनाझोल हिच्यासोबत अजिबात चालत नाही, ग्रेपफ्रूटचा ज्यूसही नाही. आणि एस्सिटालोप्रॅमबरोबर झोप जास्त येऊ शकते, सकाळी मुलांना गाडीने सोडतेस म्हणून सांगते.

व्हायलीसी नावाचं इंजेक्शनही आहे, 2019 चं, जवळीकीच्या निदान 45 मिनिटं आधी पोटात किंवा मांडीत स्वतःच टोचून घ्यायचं. ट्रायलमध्ये शंभरातल्या चाळीस जणींना मळमळलं. म्हणजे मूड आणायचा आणि बादली शोधायची, असो.

पण खरं विचारायचंय ते वेगळंच. सगळ्या पत्रात नवरा चिडतो, नवरा म्हणतो, नवऱ्याला वाटतं. तुला स्वतःला या सगळ्याचं वाईट वाटतंय का? कारण ही औषधं ज्या त्रासासाठी आहेत त्यात बाईला स्वतःला त्रास होणं ही पहिली अट आहे, नुसती इच्छा कमी असणं हा आजार नाही. दिवसभर ऑफिस, रात्री अकराला किचन ओटा पुसून बेडवर पडलीस आणि वरून "बिघडलीयस" ऐकायला मिळालं तर कुणाला इच्छा होईल गं? नवऱ्यावर खापर फोडत नाहीये मी, त्यालाही नाकारल्यासारखं होत असेल, पण मग सेक्स थेरपिस्टकडे दोघांनी मिळून जायचं असतं.

तुझ्या रेग्युलर गायनॅककडे मात्र एकटीच जा. सगळ्या औषधांची यादी घेऊन जा, झोपेची, सर्दीची, गर्भनिरोधक, सगळी. नवऱ्याला म्हणावं, तोपर्यंत मुलांना स्विमिंगला घेऊन जा.