पहिल्या शॉर्टफिल्मसाठी कॅमेरा घेताय?

सगळं बजेट बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) घालू नका. वापरलेली पॅनासॉनिक जी८५ किंवा सोनी ए६३०० पुरते; दोन्ही फोर-के देतात. सोनीत बॉडी स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि ती फोर-केवर तापते, त्यामुळे कॅमेरा हातात धरून शूट करणार असाल तर माझं मत पॅनासॉनिकला.

जुना कॅमेरा घेताना लेन्सकॅप लावून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० वर क्लिप घ्या आणि लॅपटॉपवर मोठी करून बघा. एकाच जागी न हलणारे लाल-पांढरे ठिपके दिसले तर पिक्सेल खराब आहेत. मग फोर-केवर सलग २० मिनिटं रेकॉर्डिंग करा, कॅमेरा तापून बंद पडतो का बघा. माईक लावून पिन हळूच हलवा. खरखर आली की सॉकेट सैल.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. शटर १/६० ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं आणि एडिटिंगमध्ये ते धड निघत नाही. उन्हात मात्र १/५० ला सगळं पांढरंफट्ट होतं, तिथे व्हेरिएबल एनडी (फिरवून प्रकाश कमी-जास्त करायचा काळा फिल्टर) हवाच. स्वस्तातला शेवटपर्यंत फिरवू नका, फ्रेमवर काळी फुली उमटते.

कार्ड व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) घ्या. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात.

उरलेले पैसे आवाजावर. कॅमेऱ्यावर बसवलेला माईक दोन मीटरवरून खोलीचा घुमाराच जास्त पकडतो. कॉलर माईक थेट छोट्या रेकॉर्डरला जोडा, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, टेकच्या आधी टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगमध्ये आवाज चित्राशी जुळवता येतो. पंखा बंद करायला विसरू नका. (फ्रिजही!)