लॅपटॉप तापतोय? नवीन घेण्याआधी हे वाचा

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, वरच्या पत्र्याच्या खोलीत पलंगावर बसून लॅपटॉप चालवतो. लॅपटॉप तीन वर्षं जुना आहे. उन्हाळा लागल्यापासून पंखा नुसता घोंघावतो, कीबोर्डवर हात ठेववत नाही, डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडलं की थोड्या वेळात एकदम स्लो होतो आणि कधीकधी आपोआप बंदच पडतो. एक दुकानदार म्हणतो कूलिंग पॅड घ्या, दुसरा म्हणतो नवीनच घ्या. काय करू?

उत्तर : ताई, नवीन तर अजिबात नको, आणि कूलिंग पॅडचे पैसेही सध्या राहू द्या. आधी तो पलंगावरून खाली आणा. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि मागून नाहीतर बाजूने गरम हवा सोडतात, खाली रबराचे बारके पाय असतात ना, ते त्या फटीसाठीच, गादीत ते रुतले की फट बंद, मग पंखा कितीही गरगरला तरी हवा येणार कुठून? घरात पाट असेल तर त्यावर ठेवा आणि मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं सरकवा. फुकटचं काम आहे पण फरक पडतो.

दुसरं म्हणजे ती खोली. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी ४० ला टेकतं, पत्र्याखाली तर विचारूच नका. लॅपटॉपचा पंखा म्हणजे एसी नाही, खोलीतल्या हवेपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. नाशिकची सकाळ भर उन्हाळ्यातही बरी असते, तर डिझाईनचं जड काम पहाटे उरकायचं आणि दुपारी खाली येऊन नोट्स वगैरे (इंजिनिअरिंगचा मुलगा पहाटे उठेल का हे मला विचारू नका).

आता स्लो का होतो ते सांगतो. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला आपला स्पीड आपणच कमी करतो, तरीही ताप वाढत गेला तर मशीन सरळ बंद होतं. म्हणजे तो बिघडलाय असं लगेच समजू नका. 'एचडब्ल्यूइन्फो' किंवा 'कोअर टेम्प' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा दिसतो. जड कामात ८०-९० दिसलं तर घाबरायचं नाही, पण नुसता व्हिडिओ बघतानाच ९५ दिसत असेल तर आत धूळ आहे असं समजा.

तीन वर्षांत उघडलाच नसेल तर असणारच. शिवाय सिंहस्थाच्या कामांनी रस्त्यावरची धूळ घरात येतेच आहे. ती पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये गोधडीसारखी जमते, बाहेरून दिसत नाही, म्हणून वरवर ब्लोअर मारून दिला तर काम झालं नाही. रिपेअरवाल्याला सांगा की पंखा काढून पट्ट्या साफ कर आणि थर्मल पेस्ट बदल, ती वाळली की प्रोसेसरची उष्णता पुढे नीट जात नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. घरी हवा मारायचीच असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा, नाहीतर जोराच्या हवेने तो वाटेल तसा फिरतो आणि बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, स्टॅटिक विजेने आतले भाग जाण्याची भीती असते.

एवढं करूनही तापला तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करून बघा. बऱ्याच मशीनमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वरचा जादा स्पीड, बंद होतो, थोडा स्पीड जातो पण ताप चांगला उतरतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे सेटिंग दिसतच नाही, तिथे कंपनीच्या ॲपमध्ये 'क्वाएट' मोड शोधा.

प्रश्न : अंबडला कंपनीत आहे, रोज बाईकने नाशिकरोडला घरी येतो. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप घरी काढतो तर चटका बसतो. बंद असताना कसा तापतो?

उत्तर : बंद नसतोच हो तो. हल्लीच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे अर्धवट झोप, अपडेट, मेल असलं काहीतरी चालू राहतं आणि बॅगेत हवा शून्य. निघताना शटडाऊन करा नाहीतर हायबरनेट (उघडी कामं जपून मशीन पूर्ण बंद होतं). हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, झाकण आणि बटणांच्या सेटिंगमध्ये टिक करावी लागते. आणि उन्हात उभ्या गाडीत बॅग ठेवून चहाला जाऊ नका, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य खरंच कमी होतं.

प्रश्न : कूलरसमोर ठेवला तर चालेल? की खाली ओलं फडकं?

उत्तर : दोन्ही नको, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. ओलावा आत गेला तर बोर्ड जाईल. साधा टेबल फॅन बाजूने लावा.

प्रश्न : टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही. उन्हामुळे असेल का?

उत्तर : उन्हामुळे असो नाहीतर वयामुळे, बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता जास्त. आजच वापरणं थांबवा, चार्जिंगला लावू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचणं तर लांबच, आग लागू शकते. सर्व्हिस सेंटरला नेऊन बदला, आणि जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, तिथेच ई-कचऱ्यात द्या.