हिरड्यांच्या उपचारांनंतरही दात का जातात?

प्रश्न : मी कळव्याला राहते, वय ५८. दीड वर्षापूर्वी ठाण्यात हिरड्यांची खोलवर सफाई आणि वरच्या उजव्या बाजूला फ्लॅपची शस्त्रक्रिया (हिरडी उघडून मुळांची सफाई) करून घेतली. रक्त व पू येणे थांबले. मात्र त्या बाजूची एक दाढ अजून किंचित हलते. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी बोलावले होते, पण आता त्रास नसल्याने मी दिवाळीपासून गेलेले नाही. मला मधुमेह आहे (एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.६) आणि सकाळी मिश्री लावण्याची जुनी सवय आहे. बाकीचे दातही जातील का?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘आता त्रास नाही’ या शब्दांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. हिरड्यांचा हा आजार बहुधा न दुखताच वाढतो आणि दुखू लागेपर्यंत दातांना धरून ठेवणारे बरेच हाड झिजलेले असते. उपचारांनी तो आटोक्यात येतो. पण गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही आणि दातांवर जंतूंचा थर रोज नव्याने बसतो.

म्हणून बाकीचे दात जातीलच असे मात्र नाही. हर्शफेल्ड आणि वासरमन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९७८ मध्ये आपल्या ६०० रुग्णांच्या सरासरी २२ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. देखभालीसाठी येत राहिलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांचा एकही दात हिरड्यांच्या आजारामुळे गेला नाही, आणि गेलेल्या दातांचा मोठा वाटा मोजक्याच रुग्णांचा होता. मुळांच्या फाट्यापर्यंत हाड झिजलेल्या दाढांना धोका अधिक होता. तरीही तशा दातांपैकी सुमारे दोन तृतीयांश टिकले.

तुमची हलणारी दाढ वरची आहे, हे इथे महत्त्वाचे. वरच्या दाढेला सहसा तीन मुळे असतात आणि ती जिथे फाटतात तिथपर्यंत हाड उतरले, की त्या सांदीत ना ब्रश पोहोचतो ना सफाईचे हत्यार नीट फिरते. पुढच्या वेळी डॉक्टरांना प्रत्येक दाताचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली, मोजायला सांगा. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत अलगद उतरवून ही खोली मोजतात. तीनपर्यंतचा आकडा चांगला. चार असून रक्त येत नसेल, तर सहसा घाई नसते. उपचारांनंतरही सहा किंवा अधिक आकडा राहिला, तर तो दात जाण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते आणि तिथे पुन्हा उपचार करावे लागतात. दाढ नुसती हलते म्हणून ती काढण्याची घाई करू नका. हलणे वाढते आहे का, चावताना तिच्यावर जास्त भार येतो का, हे आधी पाहायला हवे.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच; ती हिरडीवर चोळल्याने हिरडी खाली सरकते, दाताचा आधार कमी होतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तो वेगळाच. लावल्यावर दात घट्ट झाल्यासारखे वाटतात, म्हणून अनेक जणी ती सोडायला घाबरतात, पण त्या वाटण्याने हाड वाचत नाही. ती पूर्ण बंदच करायला हवी आणि जमत नसेल, तर डॉक्टरांची मदत मागण्यात संकोच नको. साखर चढलेली राहिली, की हिरडीची सूज लवकर उतरत नाही आणि हाड वेगाने झिजते. उलट हिरड्यांची सूज कमी झाली, तर साखरेलाही थोडा फायदा होतो. बहुतेक प्रौढांसाठी एचबीएवनसी सातच्या आसपास किंवा खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते. तुमचे उद्दिष्ट मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दाढांच्या फटींसाठी साध्या ब्रशखेरीज इंटरडेंटल ब्रश रोज रात्री वापरा. त्याची जाडी फटीनुसार बदलते, त्यामुळे ती दवाखान्यातच ठरवून घ्या. खर्चामुळे तपासण्या टळत असतील, तर सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि कळव्याहून तिथे थेट लोकल जाते. जुने एक्स-रे सोबत न्या, म्हणजे हाड तेवढेच आहे की आणखी उतरले, हे ताडून पाहता येईल. ही तपासणी याच महिन्यात करून घ्या.