रॉकेलचा फ्रिज आणि तीन क्यूबिट

प्रश्न : सर, मी तेवीस वर्षं मिरजेत फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतोय. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मोबाइलवर बातमी दाखवली, की स्वीडनमध्ये ‘क्वांटम फ्रिज’ तयार झालाय. त्याला कॉम्प्रेसर नाही, उष्णतेवरच चालतो म्हणे. उष्णता घालून थंड कसं होईल? पोरगा चिडवतो, “बाबा, तुमचा धंदा बसणार!” खरं काय ते सांगा.
— एक फ्रिज मेकॅनिक, मिरज

उत्तर : मिस्त्री, उष्णता घालून थंड करणारा फ्रिज तुम्ही नक्की बघितलाय. हॉटेलच्या खोलीतला तो छोटा, अजिबात आवाज न करणारा फ्रिज आठवा. कॉम्प्रेसर नाही, मागे नुसत्या नळ्या आणि खाली हीटर. आमचे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथं लसी ठेवायला रॉकेलवर चालणारा फ्रिज होता. वात कापायचं काम माझ्याकडे. खाली निळी ज्योत आणि वरच्या कप्प्यात बर्फ, हे कोडं मला दहाव्या वर्षी पडलं. ते सुटायला कॉलेजात जावं लागलं.

त्यातली करामत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्योतीच्या उष्णतेनं पाण्यातला अमोनिया उकळून बाहेर पडतो. मागच्या जाळीत त्याचा द्रव होतो. आतल्या नळीत तो पुन्हा वाफ होताना कप्प्यातली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात परत विरघळतो. इथं गरम ज्योत, मध्यम गरम खोली आणि थंड कप्पा अशा तीन जागा आहेत. ज्योतीकडून खोलीकडे उष्णता जाणारच असते. तिच्या ओघात कप्प्यातलीही थोडी उष्णता बाहेर काढून घेतली, एवढंच.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या चाल्मर्स विद्यापीठानं अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर केलं ते नेमकं हेच. फक्त नळ्यांच्या जागी अतिवाहक, म्हणजे अतिथंड असताना वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या धातूची सर्किटं आहेत. त्यांचा शोधनिबंध जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर फिजिक्स’ या नियतकालिकात आला. एवढ्या छोट्या फ्रिजची कल्पना त्याआधीची, २०१० सालची. लिंडेन, पोपेस्कू आणि स्क्रझिप्चिक या तीन शास्त्रज्ञांनी तेव्हा कागदावर दाखवलं होतं, की फ्रिज होण्यासाठी तीन क्यूबिटही पुरतात.

आता आतलं बघू. क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचं अक्षर. ते शून्यात असलं की गार, एकात असलं की गरम, असं समजा. गणित सुरू करण्याआधी ते शून्यावर आणावं लागतं. पाटी पुसल्याशिवाय बेरीज कुठून मांडणार? पण क्यूबिटला जरा ऊब लागली, की ते आपणहून एकावर चढतं. म्हणून त्याच्यातली ऊर्जा काढून घ्यायची.

ही ऊर्जा सुट्या पैशांसारखी कितीही थोडी देता येत नाही, ठरलेली नोटच द्यावी लागते. समजा, पुसायच्या क्यूबिटकडे वीसची नोट आहे आणि गार बाजूच्या खिडकीत, म्हणजे दुसऱ्या क्यूबिटकडे, फक्त शंभराची नोट चालते. वीसवाला एकटा गेला तर त्याला परत पाठवतात. मग गरम बाजूचा तिसरा सोबती ऐंशी रुपये घालतो. वीस आणि ऐंशी मिळून शंभर खिडकीत जमा. क्यूबिटचा खिसा रिकामा, म्हणजे शून्य. (आकडे माझे. खरी अट एवढीच, की दोघांच्या ऊर्जेची बेरीज तिसऱ्याशी जुळली पाहिजे.) उलट व्यवहारही होऊ शकतो, पण खिडकीमागचा भाग गार असल्यानं तिथं परत द्यायला शंभराची नोट क्वचितच असते. इथली ज्योत म्हणजे गरम बाजूकडून येणारे ऐंशी.

या पद्धतीनं त्यांचं क्यूबिट साधारण २२ मिलिकेल्विनपर्यंत उतरलं, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकाच्या) वर एका अंशाचा साधारण पंचेचाळिसावा भाग. क्यूबिट पुसलेलं, म्हणजे एकावर नसून शून्यात सापडण्याची शक्यता ९९.९७ टक्के. शिवाय हे तापमान फ्रिजला जोडलेल्या गरम आणि गार या दोन्ही बाजूंपेक्षा कमी होतं. तुमच्या कप्प्यातला बर्फ खोलीपेक्षाही गार असतो, तसंच.

बातमीत ‘आपोआप चालणारा’ असं छापलं असेल तर थोडं सावकाश घ्या. प्रयोगातली ‘गरम बाजू’ ही मायक्रोवेव्हच्या नळीतून मुद्दाम सोडलेली खरखर, म्हणजे उष्णतेसारख्या विस्कळीत लहरी होत्या. हे सर्किट ज्या यंत्रात बसवतात, त्याच्या वरच्या, जरा उबदार मजल्यावरून ती ऊब आयती घेता आली तर खरी मजा. आणि ते यंत्र? त्यात हीलियमची दोन रूपं मिसळून थंडी तयार करतात आणि त्याच्या मदतीला बाहेर कॉम्प्रेसर धडधडत असतोच. एका क्यूबिटसाठी! तेव्हा मुलाला सांगा, गॅस चार्जिंगचं काम राहणार आहे. त्यालाच एखाद्या रविवारी दुकानावर बसवा, तीन जागांचा हिशेब तिथंच कळेल.

प्रश्न : अकरावीत सरांनी सांगितलं की माहिती पुसली की उष्णता निघते. मी गॅलरीतले एक जीबी फोटो उडवले, तेव्हा मोबाइल गरम झाला होता. हे त्यामुळेच का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही गं. सर म्हणाले ते खरं आहे. आयबीएममधल्या रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये हे मांडलं आणि २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनच्या संशोधकांनी प्रकाशाच्या चिमट्यात धरलेल्या काचेच्या सूक्ष्म मण्यावर ते मोजून दाखवलं. पण ती उष्णता किती? खोलीच्या तापमानाला एका बिटमागे कमीत कमी जेवढी लागते, ती एक जीबीला, म्हणजे आठ अब्ज बिटांना (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) गुण. उत्तर येतं, दोन मिलिग्रॅमचा डास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, जवळपास तेवढी. ती हाताला जाणवणं शक्य नाही. शिवाय गॅलरीत ‘डिलीट’ दाबलं तरी बहुतेक वेळा ते फोटो आधी ‘अलीकडे हटवलेले’ या कप्प्यात जाऊन बसतात. पुसले गेलेले नसतातच!

मोबाइल चार्जिंगला लावून वापरत होतीस का? जाड कव्हर आधी काढ.