सक्युलंटची पाने मऊ होऊन का गळतात?

आठवड्यातून दोनदा पाणी देऊनही घरातल्या एचेव्हेरिया या सक्युलंटची (जाड, रसाळ पानांच्या रोपाची) खालची पाने पिवळसर, पारदर्शक आणि मऊ होऊन गळत आहेत, असे आपण विचारले आहे. बहुधा ते पाणीच याचे कारण आहे. ही वनस्पती पानांत पाणी साठवते, पण तिच्या मुळांना हवाही लागते, त्यामुळे माती सतत ओली राहिली की मुळे कुजतात. रोप काढून काळी, लिबलिबीत मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत, दोन-तीन दिवस ते सावलीत कोरडे होऊ द्यावे आणि मग तळाला छिद्र असलेल्या कुंडीत, निम्मी जाड वाळू किंवा पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) मिसळलेल्या मातीत लावून आठवडाभर पाणी देऊ नये. पुढे ठरावीक वार न पाळता माती तळापर्यंत सुकल्यावरच भरपूर पाणी द्यावे. (पानांवर फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला निरुपयोगी वाटतो.) खोड लांबत असेल, तर उजेड कमी पडत आहे. मात्र खोडच काळे पडले असल्यास मुळे वाचवण्यात वेळ न घालवता वरचा निरोगी शेंडा कापावा आणि काप सुकल्यावर तो कोरड्या मातीत लावावा.