जंगलात मुलांना नेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठवीच्या 40 मुलांना नोव्हेंबरमध्ये नाशिकजवळच्या बोरगड डोंगरावर न्यायचं आहे. गेल्या वर्षी मुलं पाच किलोमीटर चालून दमली आणि वहीत जेमतेम चार झाडांची नावं आली. यंदा काय बदलावं?
– एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : आधी अंतर कमी करा. तीन तासांत एक किलोमीटर आणि तीन थांबे, एवढं पुरे. बोरगड हे 2008 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे वनविभागाची लेखी परवानगी घ्या. माथ्यावर हवाई दलाचं केंद्र आहे, म्हणून खालच्या जंगलातच थांबायचं. दहा-दहाचे चार गट करा. प्रत्येक गटात एक मोठं माणूस पुढे, एक शेवटी.

पहिला थांबा झाडापाशी, शक्यतो ऐनाच्या. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल हाताला कळते. झुकलेल्या फांदीचं पान न तोडता उलटवा. देठाजवळ मध्यशिरेवर बारीक गाठी दिसतील. कोवळ्या पानात त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. मग जमिनीपासून 1.37 मीटरवर टेपने घेर मोजा आणि 3.14 ने भागा : 94 सेंमी घेर म्हणजे सुमारे 30 सेंमी व्यास. उतारावर उंची वरच्या अंगाने धरा, नाहीतर प्रत्येक गटाचं माप वेगळं येतं.

दुसरा थांबा पालापाचोळ्याचा, आणि आमच्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. सव्वाचार मीटर सुतळी आणि चार खुंट्या घेऊन एक मीटरचा चौकोन आखा. जागा मुलांवर सोडली तर ती हिरवीगार जागाच शोधतात आणि नोंद फसते. म्हणून ‘वाटेपासून वीस पावलं’ असं आधीच ठरवा. पाचोळा हाताने नाही, काडीने थर-थर उचला, कारण खाली विंचू असू शकतो. वर यंदाची अख्खी पानं, त्याखाली शिरांची जाळी उरलेले तुकडे, बुरशीचे पांढरे धागे आणि तळाशी मातीचा वास येणारं काळं खत. पान कुजून माती कशी होते ते इथे एका वितीत दिसतं. पाहून झालं की थर होते तसे परत ठेवा.

तिसऱ्या थांब्यावर 4 इंची पीव्हीसी पाइपचा 15 सेंमी तुकडा 5 सेंमी जमिनीत ठोका आणि अर्धा लिटर पाणी आत पान ठेवून त्यावर हळू ओता. पाणी मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. एकदा पाचोळ्याखालच्या जमिनीवर, एकदा तुडवलेल्या पायवाटेवर. वाटेवर बराच जास्त वेळ लागतो, कारण मातीतली छिद्रं दाबली गेलेली असतात. कडेने पाणी झिरपलं तर पाइप पुरेसा खोल गेलेला नाही. जागा बदलून पुन्हा करा.

प्रश्न : मुलीला प्रकल्पासाठी अंजनेरीच्या डोंगरावरची पानं-फुलं आणायला सांगितली आहेत. आणू का?
– एक पालक, सिडको

उत्तर : नको. कंदीलपुष्पाची एक अतिदुर्मीळ जात अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाते. इतकी थोडी झाडं उरली असताना बी धरण्याआधी खुडलेलं एक फूलही जड जातं. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. वहीत चिकटवायला घराजवळच्या झाडाखाली गळलेली पानं घ्या, रद्दीत दाबा आणि पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते.

प्रश्न : आग्या मोहोळ दिसलं तर?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : वाट बदला. आदल्या दिवशी जाऊन कडे आणि उंच झाडं पाहून ठेवा. मुलांना अत्तर लावू देऊ नका. धूर, दगड, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर डोकं-तोंड झाकून गाडीकडे किंवा घराकडे पळायचं, पाण्यात उडी नाही.